दोन्ही खड्डे एकदम भरले? आधी मधलं चेंबर उघडून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की शौचालयाला तीनच वर्षं झाली, दोन्ही खड्डे तुडुंब आहेत आणि सासूबाई पुन्हा पहाटे टमरेल घेऊन ओढ्याला जातात. वाचून पोटात कालवलं. आमच्या घरी अगदी हेच झालं होतं.

शौचालय बांधायला सरकारकडून मिळणारं १२,००० रुपयांचं अनुदान, त्यासाठीचे फोटो वगैरे तुम्हाला माहीतच असेल. चूक झाली ती चेंबरमध्ये, म्हणजे शौचालयाचं भांडं आणि दोन खड्डे यांच्या मधल्या छोट्या हौदात. दोन शोषखड्डे एकाच वेळी वापरायचे नसतात. चेंबरमधून दोन वाटा फुटतात, त्यातली एक बंद ठेवायची. पहिला खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला किमान वर्षभर, जमलं तर दीड-दोन वर्षं, झाकून ठेवायचा. आमच्या गवंड्याने दोन्ही तोंडं मोकळी सोडली आणि वरची फरशी सिमेंटने पक्की करून टाकली. आम्हीही उभं राहून बघितलं नाही.

त्यापायी अख्खा पावसाळा आम्ही बायका अंधार पडायची वाट बघत काढला. जाऊबाईंना सातवा महिना होता. रात्री उठावं लागू नये म्हणून दुपारनंतर त्या पाण्याचा घोटही घेत नसत. मी कार्यालयात तीन खेपा घातल्या. "तुमचं शौचालय पूर्ण आहे, गाव हागणदारीमुक्त झालंय," एवढंच ऐकवून रजिस्टर मिटलं. चेंबर उघडून बघा, हे एकालाही सांगता येऊ नये? आजही संताप होतो. शेवटी सांगितलं ते शेजारगावच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने.

आता एक खड्डा मैला उपसणाऱ्या गाडीने रिकामा करून घ्या. माणूस आत उतरवू नका, काही झालं तरी नाही. आतल्या वायूने जीव जातो, आणि हाताने मैला उपसायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मग भरलेल्या खड्ड्याची वाट वीट आणि ओल्या मातीने बुजवा. आमचा खड्डा दीड वर्षाने उघडला तेव्हा आत चहापत्तीसारखी कोरडी माती होती, वास अजिबात नाही. लिंबाला घातली. तुमची जमीन काळी असेल किंवा पावसाळ्यात पाणी वर येत असेल, तर जास्त दिवस लागतील. मी काही इंजिनिअर नाही, जाणत्या माणसाला जागा दाखवाच.

न्हाणीचं पाणी त्यात सोडू नका, पॅड टाकू नका. शोषखड्ड्याला हवेचा पाइप लागत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते, तिथे हा विषय मांडून इतिवृत्तात लिहून घ्या. मी मांडला तेव्हा शेजारच्या दोघींनी घरी जाऊन चेंबर उघडलं. दोन्हीकडे दोन्ही तोंडं मोकळीच होती.