रिगवरचं परमिट : एका कामाला तीन कागद

प्रश्न : आयटीआय झालेला माझा भाचा मुंबई हायच्या एका ड्रिलिंग रिगवर वेल्डर म्हणून लागतोय. तिथे परमिटशिवाय पान्यालाही हात लावू देत नाहीत म्हणे! ही परमिटं किती प्रकारची? मी नंदेसरीला केमिकल कारखान्यात आहे; आमच्यासारखीच पद्धत का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : पान्याचं जरा वाढवून सांगितलंय. रोजची ठरलेली कामं लेखी कार्यपद्धतीवर चालतात. बाकी पद्धत तुमच्याकडचीच. मुख्य परमिटं, म्हणजे कामाच्या लेखी परवानग्या, दोन : हॉट वर्क (ठिणगी किंवा ज्योत निघणारं काम) आणि कोल्ड वर्क (तसं नसलेलं). बंदिस्त जागा, वीज तोडणं, समुद्रावर लटकून काम, रेडिओग्राफी (किरणांनी वेल्डिंग तपासणं) यांचे कागद सहसा वेगळे.

समजा, मडच्या (विहीर खोदताना आत फिरवायच्या चिखलासारख्या द्रवाच्या) टाकीला आतल्या बाजूला तडा गेलाय. वेल्डिंगला हॉट वर्क, आत उतरायला बंदिस्त जागेचं आणि अ‍ॅजिटेटरच्या (मड ढवळणाऱ्या पंख्याच्या) मोटरसाठी आयसोलेशनचं, म्हणजे वीज तोडून ठेवण्याचं, असे तीन कागद लागतात. तिन्हींवर एकमेकांचे नंबर हवेत. ब्रेकरला कुलूप लावून टॅग अडकवला तरी स्टार्टचं बटण दाबून बघायचंच. भलत्याच ब्रेकरला कुलूप लागलेलं असू शकतं.

गॅस तपासताना आधी ऑक्सिजन. तो कमी असेल तर ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर चुकीचं, कमी रीडिंग देतो. ऑक्सिजन साधारण 20.9 टक्के हवा, 19.5 च्या खाली असेल तर आत उतरायचं नाही. नळी वर, मध्ये आणि तळाशी सोडायची, कारण हायड्रोजन सल्फाइड जड, तळाशी बसतो. सकाळच्या रीडिंगवर दिवसभर विसंबू नये. भिंतीला चिकटलेला तेलकट मड तापला की वाफा सोडतो.

कारखान्याहून वेगळं म्हणजे, इथे पायाखाली विहीर आहे. परतणाऱ्या मडमध्ये गॅस वाढला की वेल्डिंग तिथल्या तिथे बंद.

आणि शिफ्ट बदलताना जपायला सांगा. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता, पाइपाच्या तोंडावर नुसता ब्लाइंड फ्लँज (झाकणासारखी तबकडी). पंपाच्या दुरुस्तीचं परमिट वेगळं, व्हॉल्व्हचं वेगळं. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा व्हॉल्व्हचा कागद रात्रपाळीच्या ध्यानात नव्हता. त्यांनी पहिला पंप सुरू केला, गॅस गळून स्फोट झाला. त्या रात्री 167 माणसं गेली.

म्हणून काम अर्धं राहिलं तर परमिट खिशात ठेवून झोपायला जायचं नाही. 'स्थगित' असा शेरा मारून, काय उघडं आहे ते लिहून, पुढच्या पाळीच्या माणसाला जागेवर नेऊन दाखवायचं.