स्ट्रोकचा स्कोअर १४, पण त्याला ‘गुण’ नको

प्रश्न असा आहे की डिस्चार्ज कार्डवर ‘एनआयएचएसएस १४’ (स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका, किती मोठा हे मोजायच्या स्केलवरचा आकडा) लिहिलंय, तर घरच्यांना कळावं म्हणून त्याचं मराठी ‘पक्षाघात तीव्रता मापनी, १४ गुण’ असं केलं तर चालेल का. मापनी चालेल, पण बाकीचे शब्द बदला असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

आधी गुण. आपल्याकडे गुण जास्त म्हणजे चांगलं, आणि औषधाचा ‘गुण आला’ म्हणजे माणूस बरा व्हायला लागला. या स्केलवर सगळं उलटं, ० म्हणजे तपासणीत काहीच बिघाड दिसला नाही आणि ४२ म्हणजे सगळ्यात वाईट. वडिलांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी आत्याला फोनवर म्हटलं चौदा गुण आलेत, तर ती म्हणाली देव पावला गं बाई, आणि मग तिला खरं काय ते सांगताना माझाच गळा दाटून आला. डॉक्टर हात समोर उचलून धरायला लावतात आणि दहापर्यंत मोजतात, तेवढ्यात हात थोडा खाली आला पण गादीला टेकला नाही तर १, अजिबात हललाच नाही तर ४. म्हणजे जे गेलंय त्याचे हे आकडे, म्हणून ‘अंक’ म्हणा नाहीतर सरळ ‘स्कोअर’. त्यात त्याच कागदावर ग्लासगो कोमा स्केल (माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजणारा) पण असतो, तो ३ ते १५, आणि तिथे १५ म्हणजे पूर्ण शुद्धीवर!

तीव्रताही नको, कारण डॉक्टरी मराठीत ‘तीव्र’ हा शब्द अ‍ॅक्यूटसाठी वापरतात, तीव्र स्ट्रोक म्हणजे नुकताच अचानक आलेला, तो छोटासुद्धा असू शकतो. इथे गांभीर्य हवं. बोलताना ‘झटका किती मोठा’ म्हटलं की घरातल्या सगळ्यांना कळतं.

पक्षाघातात पक्ष म्हणजे बाजू, अर्धांगवायूतही अर्धं अंगच, आणि लकवा अरबीतून आला, तिथे तो तोंड वाकडं होण्याला म्हणतात. पण हातपाय शाबूत राहून नुसती वाचा गेली तरी तो स्ट्रोकच, आणि या स्केलवर बोलणं, नजर हेही तपासतात. म्हणून स्ट्रोकच ठेवा.

मी असं लिहीन : ‘स्ट्रोक गांभीर्य मापनी (० ते ४२) : स्कोअर १४, आकडा जितका मोठा तितकं नुकसान जास्त’. शेजारी तारीख घाला, कारण हा १४ भरती करतानाचा की घरी सोडतानाचा हे आधी विचारून घ्यायला हवं.