अ‍ॅप उडवून प्रबंध पुढे सरकत नाही

दिवसभर तासिका तत्त्वावर शिकवून रात्री दहाला लॅपटॉप उघडता, पीएचडीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण समोर असतं आणि रील्स बघता बघता बारा वाजतात, असं तुम्ही लिहिलंय. सगळी अ‍ॅप्स उडवून टाकू का, असा प्रश्न आहे. नका उडवू. गाइडचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरच येतो, प्री-सबमिशनची, म्हणजे प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणाची, तारीख विभागाच्या ग्रुपवरच कळते आणि एखाद्या जुन्या अंकाचं स्कॅन फेसबुकवरच्या कुणा भल्या माणसाकडेच सापडतं. उडवलेली अ‍ॅप्स आठवड्याभरात परत येतात, वर मनाला टोचणी लागते ती वेगळीच.

त्यापेक्षा हात फोनकडे नेमका कधी जातो ते बघा. संदर्भसूची लावताना सहसा जात नाही. 'यावरून असे दिसते की' इथवर आलात आणि काय दिसतं हेच अजून ठरलेलं नसलं, की जातो. थकलेल्या डोक्याने दहा वाजता ते ठरवायला बसायचं म्हणजे फोनला आमंत्रणच. विचार कॉलेजला जाता-येता करा, वहीत दोन ओळी खरडून ठेवा आणि रात्री फक्त त्या वाढवा. उठताना पुढचं वाक्य अर्धवट सोडून उठा. दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधत बसावं लागत नाही.

तुमचा विषय एकोणिसाव्या शतकातली नियतकालिकं, तेव्हा त्यातलंच उदाहरण घेतो. संमतिवयाच्या, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय किती असावं या वादावर परिच्छेद चाललाय. १८९१ चा कायदा आला, 'केसरी'ची बाजू आली, आता आगरकरांचं 'सुधारक'. पण 'सुधारक' निघालं कधी? १८८८ ना? खात्री करायला ब्राउझर उघडला, शेजारच्या टॅबवर नोटिफिकेशनचा लाल ठिपका दिसला, आणि आगरकर राहिले बाजूला. लिहिताना काहीही शोधायचं नाही, हा नियम मी सगळ्यांना सांगतो. तिथे '@@ साल बघ' असं टाकायचं आणि पुढे जायचं. शनिवारी कंट्रोल-एफ करून सगळे @@ एका बैठकीत निपटायचे. शोधगंगा हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, ग्रंथालयाचा कॅटलॉग, स्कॅन केलेले अंक, सगळं त्याच वेळी.

'दोन मिनिटं बघितलं तर काय बिघडलं' हेही तुम्ही विचारलंय. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली हे मांडलं, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. ग्रुपवरचा वाद वाचून परत आलात तरी मनातल्या मनात उत्तरं देणं चालूच असतं. अनुभव तुम्हालाही असेलच.

नेट बंद करणं तुम्हाला सोपं आहे, कारण लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालतो. हॉटस्पॉट बंद करून फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला की दोन्ही दारं बंद. मात्र मराठी टायपिंग ऑनलाइन लिप्यंतराने करत असाल तर तेही थांबेल आणि नेट सुरू करायला आयतं निमित्त मिळेल. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, तो नेटशिवाय चालतो. तो आधी लावून घ्या. घरच्यांचे फोन तेवढे वाजतील अशी सेटिंग करा, बाकीचे ग्रुप अर्काइव्हमध्ये.

आता जरा कडू. प्रकरणातले मुद्दे तुम्ही फेसबुकवर पोस्ट म्हणून टाकता, हे मला रील्सपेक्षा जास्त घातक वाटतं. पन्नास लाइक आले की मुद्दा सिद्ध झाल्यासारखं वाटतं आणि पुरावा गोळा करायचा कंटाळा येतो. 'वा, अभ्यासपूर्ण!' म्हणणारा माणूस तळटीप मागत नाही, परीक्षक मागतो. आधी प्रकरण गाइडच्या हाती जाऊ द्या, मग त्यातलं काय हवं ते खुशाल टाका.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला किमान तीन आणि एरवी कमाल सहा वर्षांची मुदत आहे, त्यामुळे एवढ्यात घाबरण्यासारखं काही नाही. दर सत्राचा प्रगती अहवाल मात्र चुकत नाही. आज रात्री प्रकरण उघडूच नका. तिसऱ्या प्रकरणात तुमचं म्हणणं काय, एवढंच कागदावर पाच-सहा ओळींत लिहा. जमलं नाही, तर उद्या गाइडशी त्याबद्दलच बोला. फोनचं नंतर बघू.