मे महिन्यात मुंबई पायी बघायची तर

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मेच्या सुट्टीत अकोल्याहून येऊन तीन दिवस दक्षिण मुंबई पायी बघायचा तुझा बेत कळला. बेत छान आहे. फक्त पत्रातलं एक वाक्य खटकलं: 'आपण ४४ अंशांत फिरणारे, ३४ ला काय भ्यायचं!' भ्यायचं कारण नाही, पण वऱ्हाडच्या उन्हात ज्या सवयी उपयोगी पडतात त्यातल्या बऱ्याचशा मुंबईत अंगावर उलटतात. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

तुमच्या घरी वाळ्याचा कूलर खोली गार करतो. तोच कूलर मुंबईत लावला तर खोली नुसती दमट होते, कारण इथल्या हवेला आणखी पाणी नकोच असतं. हिशेब बघ. अकोल्यात दुपारी ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर तापमापकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातल्यावर पारा २३ च्या आसपास उतरतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला तोच ओला पारा २८ वर अडतो. घामाने भिजलेली कातडी म्हणजे तेच ओलं फडकं. थंडावा देतो तो वाळणारा घाम. हनुवटीवरून टपकला तो फुकट गेला, वर अंगातलं पाणी आणि मीठ घेऊन गेला. त्यामुळे मुंबईत चालताना 'ऊन किती' यापेक्षा 'घाम वाळतोय का' हे बघायचं. नुसती सावली मिळाली म्हणून थांबू नकोस, वारा असलेली सावली शोध. आणि चाल तुझ्या नेहमीच्या चालीपेक्षा बरीच मंद ठेव. शरीर चालताना स्वतःची उष्णता तयार करतं, ती बाहेर टाकायची वाट इथे अरुंद आहे.

आता कपडे. लू लागू नये म्हणून डोक्या-तोंडाला घट्ट दुपट्टा बांधायची सवय घरी ठेवून ये. कोरड्या झळांत तो कातडीला वाचवतो. इथे तो कानशिलं आणि मान भिजवून ठेवतो आणि वारा अडवतो. त्याऐवजी छत्री आण, साधी काळी चालेल. टोपी डोक्यापुरती सावली देते आणि आत वाफ कोंडते. छत्री खांद्यांपर्यंत सावली देते आणि खालून वारा खेळता राहतो. समुद्रकाठी मात्र ती उलटी होते, तिथे मिटून ठेव. जीन्स अजिबात नको: भिजली की जड होते, दिवसभर वाळत नाही आणि मांड्या सोलवटते. पातळ सुती सैल शर्ट किंवा कुर्ता, सैल पँट, आणि पिशवीत एक कोरडा शर्ट. त्या कोरड्या शर्टाबद्दल पुढे सांगतो. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि काखेत निघायच्या आधी व्हॅसलीन चोळ. पावडरीचा घामात चिखल होतो. पायात पट्ट्यांचे सॅंडल बरे. बुटांचाच आग्रह असेल तर मोज्यांचा दुसरा जोड जवळ ठेव आणि दुपारी बदल, कारण फोड येतात ते ओल्या कातडीला. फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक कुठे वर, कुठे खाली असतात. सपाता घालून ठेच हमखास. पाठीवरची सॅक टाळ. पाठ ही घाम वाळायची मोठी जागा आहे, तीच झाकली जाते. एका खांद्यावरची शबनम पुरते.

पाण्याचं. चालताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी सात-आठ घोट घे. एकदम लिटरभर ढोसलंस तर पोट डचमळतं. नुसतंच पाणी पीत राहिलं तरी बिघडतं: घामातून मीठ जातं, वरून साधं पाणी भरत गेलं की रक्तातलं मीठ विरळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पितो. शर्टावर वाळलेल्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर तुझं मीठ जास्त जातंय असं समज. रोज सकाळी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली भर, चमचा चहाचा. लिंबू पिळायला हरकत नाही. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झालंय, ओतून दे आणि पुन्हा कर. ही एक बाटली आणि एक साध्या पाण्याची. रस्त्यावर शहाळं सगळ्यांत बिनधोक. मेमध्ये ताडगोळे मिळतात, ते सालासकट घेऊन आपल्या हाताने सोल. उसाचा रस प्यायचा तर बर्फाशिवाय.

पाणी प्यायचं टाळलं जातं ते बहुतेक वेळा स्वच्छतागृहाच्या धास्तीने, मुलींकडून तर फारच. त्याला इलाज आधी ठरवून ठेवायचा: चर्चगेट आणि सीएसएमटी स्थानकं, वस्तुसंग्रहालय, जिथे जेवशील ते हॉटेल. दोन ठिकाणांमध्ये दीड तासापेक्षा जास्त अंतर पडणार नाही असा रस्ता आख. दुपारपर्यंत लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय, पुढचा टप्पा रद्द.

आता वेळा. पर्यटक हॉटेलातला नाश्ता उरकून दहाला बाहेर पडतात आणि नेमके वाईट तासांत सापडतात. मेमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो. पहाटे आर्द्रता सर्वांत जास्त असते, वाराही पडलेला असतो, पण ऊन नसतं म्हणून निभतं. साडेनऊ ते साडेअकराचा काळ खरा छळतो: ऊन चढलेलं असतं आणि समुद्रावरचा वारा अजून सुटलेला नसतो. वारा पश्चिमेकडून, म्हणजे अरबी समुद्रावरून, बहुधा दुपारच्या आसपास सुरू होतो. त्याला उशीर झाला की त्या दिवशी पारा चढतो. म्हणून साडेसहा ते नऊ चाल, मग छपराखाली, आणि पुन्हा पाचनंतर बाहेर.

सावलीचंही गणित आहे. १५ मेच्या आसपास मुंबईत सूर्य अगदी डोक्यावरून जातो, आणि इथला खरा मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या पुढे येतो. त्या वेळी रस्त्याच्या कुठल्याच बाजूला सावली नसते, इमारती कितीही उंच असोत. सकाळी दक्षिणोत्तर रस्त्यांची पूर्वेकडची बाजू धर, संध्याकाळी पश्चिमेकडची. मधल्या वेळेत उपयोगी पडतं ते फक्त वरून झाकलेलं, आणि फोर्टात तशी सोय आहे. दादाभाई नौरोजी रस्त्यावर जुन्या इमारतींचे वरचे मजले फुटपाथवर आलेले आहेत आणि माणूस त्यांच्या कमानींखालून चालतो. पर्यटक त्या कमानींचे फोटो रस्त्यावर उभं राहून, उन्हात काढतात! कमानीखाली फेरीवाल्यांची गर्दी असते, वाट अरुंद होते, तरी तिथूनच चाल.

पहिल्या दिवसाचा रस्ता असा ठेव. साडेसहाला सीएसएमटीसमोर. ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची, १८८८ ची. तिचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी सूर्य तिच्या पाठीमागे असतो आणि फोटो काळपट येतो. सकाळी दगडातली जनावरं, पानं, घुमट निवांत बघून घे, फोटो संध्याकाळी काढ. समोर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. तिथून नौरोजी रस्त्याने कमानींखालून हुतात्मा चौक, साधारण एक किलोमीटर. संयुक्त महाराष्ट्राच्या स्मारकापाशी आणि फ्लोरा फाउंटनपाशी जेवढं थांबायचं तेवढं आठच्या आत थांब. नंतर तो चौक तापतो. तिथून पूर्वेला वळून हॉर्निमन सर्कल. गोल बागेभोवतीच्या इमारतींनाही खाली कमानींची वाट आहे. पुढे एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, १८३३ चा. याचंही तोंड पश्चिमेला, म्हणून सकाळी त्याच्या रुंद पायऱ्या इमारतीच्याच सावलीत असतात. पंधरा मिनिटं बस, घाम वाळू दे, मीठ-साखरेची बाटली अर्धी संपव. दुपारी चारला याच पायऱ्या तव्यासारख्या असतात. तिथून काळा घोडा, निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग बाहेरून, आणि एखाद्या इराण्याकडे बनमस्का-चहा. सगळं मिळून तीन किलोमीटरही होत नाही. कमी वाटेल. तेवढंच ठेव.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. आत जाण्याआधी तो कोरडा शर्ट घाल. भिजलेल्या शर्टाने एसीत शिरलं की दहा मिनिटांत हुडहुडी भरते, आणि बाहेर आल्यावर तोच ओला शर्ट अंगाला चिकटतो. फोन-कॅमेऱ्याचं उलटं: एसीतून बाहेर येताच काचेवर वाफ धरते. कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं पिशवीतच राहू दे, काच पुसत बसू नकोस, लेन्सची टोपी काढून वाफ आपोआप जाऊ दे. दुपारी दहीभात किंवा तसंच हलकं काही. भरगच्च थाळीनंतर उन्हात चालणं म्हणजे पोटालाच शिक्षा. जहांगीर कलादालन अकराला उघडतं, प्रवेश फुकट, दुपारची वेळ तिथे सुखाने जाते.

पाचला ओव्हल मैदान. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, १८७८ चा. पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. दोन्ही मिळून २०१८ पासून जागतिक वारसा. या डेको इमारतींच्या खिडक्यांवरचे लांब छज्जे नीट बघ. दिसायला नक्षी, पण ऊन आणि पाऊस दोन्ही अडवतात. मग चर्चगेटवरून मरीन ड्राइव्ह. दुपारी तिथे सावलीचा ठिपकाही नसतो, पण साडेपाच ते सातच्या दरम्यान वारा थेट तोंडावर येतो आणि दिवसभरात पहिल्यांदा अंग कोरडं होतं. सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, त्यानंतर वाराही हळूहळू मंदावतो. तेव्हा सूर्यास्त बघून लगेच चालायला लागण्यापेक्षा आधीच चालून गिरगाव चौपाटीशी पोचलेलं बरं.

दुसरा दिवस मंडई, काळबादेवी, गिरगाव. महात्मा फुले मंडईपासून सातला निघ. इथल्या गल्ल्या अरुंद, सावली भरपूर, वारा शून्य. दहानंतर माणसं आणि हातगाड्या वाढल्या की जीव गुदमरतो. खोताच्या वाडीत लोक राहतात, त्यांच्या व्हरांड्यात बसून फोटो काढू नयेत. थकवा आला तर हट्टाने चालू नकोस. बेस्टची एसी बस किंवा भुयारी मेट्रो तीन-चार थांब्यांसाठी घ्यायला लाज कसली? पण भरलेल्या लोकलमध्ये, सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उत्तरेकडे, शिरू नकोस.

तब्येतीचं थोडं कडक शब्दांत. पोटऱ्यांत गोळे, डोकं जड, मळमळ, उकाड्यात अंगावर काटा: यातलं एकही झालं की तिथेच थांब, सावलीत वाऱ्याला बस, कपडे सैल कर, मीठ-साखरेचं पाणी पी. त्या दिवसाचं चालणं संपलं. सोबतचं कुणी असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या देऊ लागलं, तर तो उष्माघात समज. घाम चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घाल, बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा. शुद्ध धड नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

विदर्भ एक्सप्रेसने सकाळी उतरशील, त्या दिवशी चालायला सुरुवात करू नकोस. गाडीतली अपुरी झोप आणि कमी प्यायलेलं पाणी घेऊन माणूस दुपारपर्यंत टिकत नाही. कपड्यांचे तीन जोड आण: रात्री धुतलेला शर्ट अकोल्यात तासाभरात वाळतो, इथे पंख्याखालीही सकाळी ओलसर असतो, आणि तसाच घातला की घामोळं नाहीतर नायटा. आणि पावसाकडे लक्ष ठेव. एरवी तो इथे ११ जूनच्या सुमाराला येतो, पण २०२५ साली २६ मेलाच आला होता.

गेटवे पहिल्या दिवशी मुद्दाम गाळला. त्याच्यासमोरच्या फरशीवर सावली नाही, आणि तो बंदराच्या बाजूला, पूर्वेला असल्यामुळे दुपारचा वारा शहर ओलांडून तिथे पोचेपर्यंत मंद होतो. तिसऱ्या दिवशी आठच्या आत तो बघ आणि पहिल्या लाँचने घारापुरीला जा. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत; दोनदा बसून चढ, आत दगडातला गारवा आहे. लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा तिकिटं काढताना तेवढा वार बघ.

कळावे,
तुझा शुभचिंतक