जन्मतः दात कमी असणे किती जणांत आढळते?

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीची खालची एक दुधाची दाढ पडत नाही म्हणून दंतवैद्यांनी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) काढला, तेव्हा त्या दाढेखाली कायमचा दात तयारच झालेला नसल्याचे दिसले. माझ्या यजमानांचा वरचा, पटाशीच्या मधल्या दातांशेजारचा एक दात लहान आणि टोकदार आहे. असा दोष किती जणांत असतो, हे शोधताना एके ठिकाणी चार टक्के, दुसरीकडे सात, तर तिसरीकडे वीस टक्क्यांहून अधिक असे वाचले. यांतले खरे कोणते? आपल्या लोकांत हे प्रमाण जास्त आहे का? पाच वर्षांच्या धाकट्या मुलाचाही आताच एक्स-रे काढावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तिन्ही आकडे खरे असू शकतात, मात्र ते एकाच गोष्टीचे नाहीत. वीस टक्क्यांच्या पुढचा आकडा बहुधा अक्कलदाढेचा असावा. जगभरातील पाहण्या एकत्र केल्या असता निदान एक अक्कलदाढ तयारच न झालेल्यांचे प्रमाण सुमारे २३ टक्के भरते. आशियात ते ३० टक्क्यांच्या जवळ जाते, तर आफ्रिकेत सहाच्या आसपास राहते. म्हणूनच दात कमी असण्याची गणना करताना अक्कलदाढा बाजूला ठेवण्याची प्रथा आहे.

त्या वगळून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात युरोपात सुमारे ५.५ टक्के, ऑस्ट्रेलियात ६.३ टक्के आणि उत्तर अमेरिकेतील गोऱ्या लोकांत ३.९ टक्के असे प्रमाण आढळले. मुलींमध्ये ते मुलांपेक्षा सुमारे १.४ पट होते आणि बहुसंख्य व्यक्तींत एक किंवा दोनच दात कमी होते. आपल्या मुलीला जो दात आलेला नाही, ती खालची दुसरी उपदाढ (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधल्या दोन दातांपैकी मागचा), तोच या अभ्यासात सर्वाधिक वेळा नसलेला दात ठरला. हाँगकाँगमधील बारा वर्षांच्या शाळकरी मुलांच्या १९८७ मधील पाहणीत मात्र एकूण प्रमाण ६.९ टक्के, म्हणजे युरोपापेक्षा थोडेच अधिक निघाले; पण तेथे सर्वाधिक वेळा नसलेला दात खालच्या पटाशीचा होता. माझ्या मते दोन लोकसमूहांतला लक्षणीय फरक या टक्केवारीत नसून नेमका कोणता दात तयार होत नाही, यात आहे.

भारताविषयी बोलताना अधिक सावध राहावे लागते. आपल्याकडील पाहण्या बहुतांशी दंत महाविद्यालयांत उपचारासाठी आलेल्या रुग्णांच्या असतात, आणि दातांत फट दिसते म्हणून तारा बसवायला आलेल्यांत हा दोष जास्त सापडणे स्वाभाविकच आहे. एखाद्या महाविद्यालयाचा आकडा त्या बाह्यरुग्ण विभागाचा असतो. तो ‘आपल्या लोकांचा’ म्हणून सांगणे मला योग्य वाटत नाही.

यजमानांच्या दाताचा उल्लेख आपण केलात, हे चांगले झाले. टोकदार, खुरटलेला बाजूचा पटाशीचा दात आणि दात न येणे हे दोन्ही पुष्कळदा एकाच घराण्यात दिसतात, कारण दोहोंमागे दातांच्या घडणीवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकांतील बदल असू शकतात. खूप दात नसणे हा प्रकार वेगळा आणि दुर्मीळ आहे. चार्ल्स डार्विनने १८७५ साली सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची नोंद केली होती. त्यातील चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दोन्ही जबड्यांत मिळून बाराच दात होते, अंगावर केस विरळ होते आणि उन्हाळ्यात त्वचेच्या कोरडेपणाचा त्यांना फार त्रास होई. आपल्या मुलीच्या एका उपदाढेचा त्या विकाराशी संबंध लावण्याचे कारण नाही.

खाली कायमचा दात नसल्यामुळे दुधाच्या दाढेची मुळे झिजण्याची क्रिया मंदावते, आणि अशी दाढ विशी ओलांडूनही टिकू शकते. ती किडलेली नसेल आणि शेजारच्या दातांच्या पातळीखाली जात नसेल, तर ती काढण्याची घाई करू नये. पातळी खाली जाऊ लागल्यास मात्र दंतवैद्यांना लगेच दाखवावे. इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम दाताचा) विचार जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच होतो.

धाकट्याचा एक्स-रे केवळ यासाठी आता काढू नये. खालच्या दुसऱ्या उपदाढेची घडण काही मुलांत बरीच उशिरा सुरू होते, त्यामुळे पाचव्या वर्षी ती दिसली नाही म्हणून ती नाहीच, असे म्हणता येत नाही. नवव्या वर्षाच्या सुमारास काढलेल्या चित्रावरून ही शंका बऱ्याच खात्रीने मिटवता येईल.