सावलीतल्या बागेत कोणतं बुटकं सदाहरित झुडूप लावावं?

इमारतीच्या उत्तरेला दिवसभर सावली आहे, बुटकं आणि बारमाही हिरवं झुडूप हवंय, नर्सरीवाला मिनी एक्झोरा सुचवतोय, लावू का, असं तुम्ही विचारलंय. लावू नका. शेफ्लेरा लावा, तोही साधा हिरवा.

एक्झोऱ्यावरून मी आमच्या पुण्यातल्या सोसायटीत भांडले आहे, म्हणून ठासून सांगते. कमिटीला फुलांचं कुंपण हवं होतं. चेअरमन मूळचे कोकणातले, 'आमच्याकडे एक्झोरा गडग्याला लावला तरी फुलतो' हे त्यांचं पालुपद. फुलणारच. तिथे जांभ्याची आम्ल माती आणि वर मोकळं ऊन. आमच्याकडे काळी माती, त्यात बांधकामाचा राडारोडा, चुना, सिमेंट. अशा मातीत एक्झोऱ्याला लोह मिळत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

बरं, रोपं लावली मे महिन्यात. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारी सूर्य माथ्याच्या थोडा उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीलाही ऊन मिळतं. रोपं तरारली, सगळे खूश. दिवाळीपर्यंत तिथलं ऊन पार गेलं. मी नको म्हणत असतानाही माळी रोज पाइप सोडत राहिला आणि मुळं कुजली. सभेत ठपका माझ्यावर: 'ताईंच्या हाताला गुण नाही.' ते वाक्य मला अजून लागतं. हाताचा काय संबंध? ऊन नाही तिथे माती वाळत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं.

त्याच वाफ्यात मग मी शेफ्लेरा लावला, पावसाळ्यात फांद्या खोचून केलेली रोपं. छान दाट झालाय. बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी घालायचं. छाटत राहिलात तर कमरेएवढा राहील, सोडलात तर डोक्याच्या वर जाईल. पिवळ्या छटेचा घेऊ नका, गडद सावलीत त्याचा रंग उतरतो. कामिनीही जगते, पण सावलीत फुलं फारच कमी.

घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर जपा, शेफ्लेऱ्याचं पान चावलं की तोंडाची आग होते. आणि सावली इमारतीची नसून मोठ्या झाडाची असेल तर पाण्याचं गणित उलटं. झाडाची मुळं वाफ्यातलं पाणी ओढून घेतात, तिथे पाणी जास्तच लागेल. चेअरमननी विचारलं असतं तर त्यांनाही मी हेच सांगितलं असतं.