जुन्या रोड सायकलचे भाग बदलताना: वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की गोव्याला सायकलने निघणाऱ्यांची पत्रं येतात. प्रश्न दरवर्षी तेच.

सत्तावीस इंची चाकांऐवजी ७०० सी मापाची चालतील का? (निपाणी)

बहुधा चालतील. रिमचा व्यास ६३० वरून ६२२ मिमी होतो, म्हणजे ब्रेकचे रबर ४ मिमी खाली यायला हवेत. तेवढे येतात का, ते मोजून मगच पैसे मोजा.

रिम मूळच्याच, स्टीलच्या. मित्र म्हणतात, दणकट आहेत, नुसते भारी ब्रेक बसव. चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावाला जायचंय. (खानापूर)

मित्र सोबत येणार आहेत का? स्टीलच्या रिमवर क्रोमचा मुलामा असतो. कोरडा आहे तोवर ठीक, ओला झाला की रबर त्यावरून नुसतं घसरतं. लिव्हर हँडलला टेकते तरी सायकल चाललेलीच! कणकुंबीच्या पुढे रस्ता कधी ओला मिळेल, सांगता येत नाही, त्यात मागे सामानाचं ओझं. ब्रेक कितीही महाग आणा, घासणार त्याच गुळगुळीत पत्र्यावर. आधी ॲल्युमिनियमच्या, ३६ तारांच्या रिम. मग नवे रबर, नव्या केबल. पैसे उरलेच तर ब्रेक. दुकानात नेमकं उलटं सांगतात, कारण ब्रेकचं खोकं लगेच खपतं, चाक बांधायला मात्र बसावं लागतं. ॲल्युमिनियमही झिजतंच. रिमच्या कडेवरून बोट फिरवा; खोलगट लागलं तर ती रिम घाटात फाटू शकते. निघण्याआधी जाणत्या मिस्त्रीला दाखवाच.

२१ गिअरचा सेट घ्यायला सांगतात. घेऊ? (चिकोडी)

आकडा विकण्यासाठी असतो. सर्वांत हलका गिअर कोणता, ते विचारा. पुढे ४२ आणि मागे २४ दात असले तर पेडलच्या एका फेरीत चाक पावणेदोनदा फिरतं. सामान घेऊन चढताना गुडघे बोलतील. ३० ला ३० मिळालं तर उत्तम, पण त्याला पुढे तिहेरी क्रँक, म्हणजे तीन दातेरी चकत्या, आणि मागे गिअर बदलणारा लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागतो. बॉटम ब्रॅकेटचे (क्रँकचा आस फ्रेममध्ये बसतो ती जागा) आटे इंग्लिश की इटालियन, हे बघून घेतल्याशिवाय काही ऑनलाइन मागवू नका.

मागच्या चाकाला १२६ मिमी जागा असलेल्या फ्रेममध्ये १३० चा हब (चाकाचा मधला तुंबा) फ्रेम ताणून बसतो म्हणे? (शहापूर)

फ्रेम स्टीलची असेल तर, तेही मिस्त्रीच्या हातून. ॲल्युमिनियम किंवा कार्बन असेल तर नाही.

दिवाळीत निघतोय. नवी चाकं आदल्या आठवड्यात घेतली तर? (वडगाव)

उशीर होईल. नव्या तारा चालवता चालवता जागेवर बसतात, केबल सैल पडतात. महिनाभर आधी घ्या, सामान लादून जांबोटीपर्यंत जाऊन या आणि परत आल्यावर चाकाचा आऊट काढून घ्या.